एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (३ मार्च १८५७ – ३० मार्च १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंता व संशोधक होते. अरुंदमापी (नॅरोगेज) रेल्वेमार्गांचे, विशेषतः २ फूट ६ इंच (७६२ मिमी) रुंदीच्या मार्गांचे, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे प्रमुख पुरस्कर्ते मानले जातात. महाराष्ट्रात त्यांचे नाव मुख्यतः बार्शी लाइट रेल्वेशी जोडलेले आहे. कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. हलक्या रुळांवरूनही जड माल किफायतशीरपणे नेता येतो, हे या मार्गाने दाखवून दिले. नेरळ–माथेरान मार्गावरील पहिल्या वाफेच्या इंजिनांची रचनाही त्यांचीच होती. आयुष्याच्या उत्तरार्धात ते विमानविद्येकडे वळले आणि त्यांनी वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री (पॅराशूट) तयार केली.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरुंदमापी रेल्वेचे दोन वेगळे प्रकार विकसित झाले. पहिला प्रकार उद्योग व बांधकामाच्या गरजेतून आला. खाणी, वीटभट्ट्या, धरणांची व कालव्यांची कामे, उसाचे मळे अशा ठिकाणी माती, दगड किंवा ऊस वाहण्यासाठी तात्पुरते रूळ टाकले जात. फ्रान्समध्ये पॉल देकोव्हिल यांनी उचलून दुसरीकडे नेता येतील असे तयार रूळतुकडे बनवले, तर जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीने अशा रुळांसाठी लहान इंजिने व ढकलगाड्या जगभर विकल्या. ही इंजिने बहुधा चार किंवा सहा चाकांची असत. त्यांचा वेग कमी असे आणि ओढण्याची शक्तीही मर्यादित असे.

दुसरा प्रकार सार्वजनिक वाहतुकीचा होता. भारतात त्याचा आरंभ बडोदे संस्थानात झाला. तेथे डभोई–मियागाम मार्गावर १८६० च्या दशकाच्या आरंभीच अरुंद रूळ टाकले गेले आणि सुरुवातीला गाड्या बैलांनी ओढल्या. १८८१ मध्ये दार्जिलिंगचा डोंगरी मार्ग पूर्ण झाला. तरीही अरुंदमापी रेल्वे म्हणजे डोंगरासाठी किंवा कारखान्याच्या आवारापुरती सोय, असाच सर्वसाधारण समज होता. मुख्य रेल्वेपासून दूर असलेल्या मोठ्या बाजारपेठेचा सगळा माल असा मार्ग वाहू शकेल का, हा प्रश्न अनुत्तरित होता. कॅलथ्रॉप यांच्या कार्याचे महत्त्व या संदर्भात समजून घ्यावे लागते. औद्योगिक रुळांचा स्वस्तपणा आणि मुख्य रेल्वेची क्षमता या दोहोंचा मेळ त्यांना घालायचा होता.

बालपण व शिक्षण

कॅलथ्रॉप यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नावही एव्हरार्ड असेच होते. अनेक भावंडांत ते थोरले होते. त्यांचे धाकटे बंधू गाय कॅलथ्रॉप हेही रेल्वे क्षेत्रात नावारूपाला आले. ते लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील कोळसा-नियंत्रणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

एव्हरार्ड यांचे शालेय शिक्षण अपिंगहॅम येथे झाले. त्यानंतर त्यांनी रॉबर्ट स्टीफन्सन अँड कंपनी या इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात काही काळ काम केले. १८७४ मध्ये ते लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू येथील कर्मशाळेत उमेदवार म्हणून दाखल झाले. १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले. इंजिने आणि डबे या दोन्हींच्या बांधणीचा अनुभव त्यांना तरुण वयातच मिळाला. पुढे इंजिन, वाघिणी आणि रूळ यांचा एकत्रित विचार करण्याची जी पद्धत त्यांनी अवलंबली, तिचा पाया या काळात घातला गेला.

भारतातील कार्य

१८८२ मध्ये कॅलथ्रॉप भारतात आले आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत (जीआयपी) इंजिन निरीक्षक म्हणून रुजू झाले. या कंपनीचा मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा रुंदमापी मार्ग १८६० मध्येच सोलापूरपर्यंत पोहोचला होता. तो मार्ग बार्शी शहराच्या बाजूने, सुमारे ३५ किमी अंतरावरून गेला होता. जवळच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव होते. हेच आजचे कुर्डुवाडी होय.

बार्शी ही त्या काळी कापूस, गळिताची धान्ये व इतर शेतमालाची मोठी पेठ होती. बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातून व निजामाच्या मुलखातून माल बार्शीत येई आणि तेथून बैलगाड्यांनी बार्शी रोड स्थानकापर्यंत जाई. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते चिखलाने बंद पडत. बैलगाडीचे भाडे शेतमालाच्या किमतीत भर घाली आणि मालाला वेळेवर उठाव मिळत नसे. अशा पेठेसाठी रुंदमापी फाटा काढणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते.

मुख्य मार्गांना माल पुरवणारे पूरक मार्ग अरुंदमापी असावेत, असा प्रस्ताव कॅलथ्रॉप यांनी मांडला. त्यासाठी १८८७ मध्ये लंडनमध्ये ‘इंडियन रेल्वेज फीडर लाइन्स कंपनी’ नोंदवण्यात आली. मात्र सरकारशी झालेल्या वाटाघाटी तेव्हा फलद्रूप झाल्या नाहीत. कॅलथ्रॉप यांनी या योजनेसाठी रेल्वेतील नोकरी सोडली आणि पुढे इंग्लंडला परतून सल्लागार अभियंता म्हणून व्यवसाय सुरू केला. पहिल्या प्रस्तावानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९५ मध्ये, वाटाघाटींना यश आले आणि बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. कॅलथ्रॉप यांनी तिचे अभियांत्रिकी काम पाहिले.

बार्शी लाइट रेल्वे

पाच टनांचा नियम

कॅलथ्रॉप यांच्या रचनेचे मूळ सूत्र साधे होते. रेल्वेमार्गाचा खर्च मुख्यतः रूळ, भराव व पूल यांवर होतो आणि हे सर्व किती भक्कम असावे हे गाडीच्या सर्वांत जड आसावरून (ॲक्सल) ठरते. संपूर्ण गाडीत एखादेच इंजिन जड असले, तरी त्या एका इंजिनासाठी सगळा मार्ग मजबूत बांधावा लागतो. वाघिणी मात्र हलक्याच राहतात आणि रुळांची क्षमता वाया जाते. यावर उपाय म्हणून त्यांनी इंजिन, डबे व वाघिणी या सर्वांसाठी एकच मर्यादा घातली. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही आणि शक्य तेथे तो पाच टनांपर्यंत पूर्ण वापरायचा, असा हा नियम होता. त्यामुळे दर यार्डाला ३० पौंड (सुमारे १५ किलो प्रति मीटर) वजनाचे हलके रूळ पुरेसे ठरले.

इंजिने

या मर्यादेत बसणारे पण शक्तिशाली इंजिन बनवणे हे मोठे आव्हान होते. इंजिनाची ओढण्याची शक्ती केवळ वाफेवर अवलंबून नसते. चालक चाकांवर पडणाऱ्या वजनामुळे रुळांवर जी पकड मिळते, तिच्यावरही ती अवलंबून असते. कारखान्यांतील चार चाकी लहान इंजिनांत पाच टनांचा नियम पाळला, तर पकडीसाठी जेमतेम दहा टन वजन मिळाले असते. कॅलथ्रॉप यांनी ०-८-४ चक्ररचनेचे टाकीइंजिन निवडले. त्यात चार आसांवरची आठ चाके एकमेकांना दांड्यांनी जोडलेली होती आणि मागे चार चाकांची बोगी होती. जोडलेल्या चार आसांवर सुमारे २० टन वजन पकडीसाठी उपलब्ध झाले. कोळसा व पाण्याचा उरलेला भार मागच्या बोगीने पेलला. एकूण सुमारे २९.५ टन वजनाची ही इंजिने लीड्स येथील किटसन अँड कंपनीने बांधली. त्या काळी अवघ्या अडीच फुटी रुळांवर एवढ्या वजनाचे व शक्तीचे इंजिन ही नवलाची गोष्ट होती.

वाघिणी व चाचणी

वाघिणींच्या बाबतीतही हाच विचार होता. लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी व बोग्या घेण्यात आल्या. जाड लाकूड आणि जड पट्ट्यांऐवजी पातळ पण मजबूत पोलाद वापरल्याने वाघिणीचे स्वतःचे वजन घटले आणि त्याच पाच टनी आसांवर अधिक माल मावू लागला. वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्यांसाठी एकाच मापाची चौकट वापरल्याने बांधणी व दुरुस्ती सोपी झाली. सैन्य व लष्करी सामान नेण्याच्या दृष्टीनेही अशा मार्गांचा उपयोग होईल, याचा विचार रचनेत केलेला होता.

ही सामग्री भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीसाठी तात्पुरता मार्ग टाकण्यात आला. तीव्र वळणे व चढण असलेल्या या मार्गावर इंजिने व वाघिणी चालवून दाखवण्यात आल्या. हलक्या रेल्वेविषयी साशंक असलेल्या अभियंत्यांना व रेल्वे अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष पुरावा पाहता यावा, हा त्यामागील हेतू होता.

उद्घाटन व विस्तार

बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा मार्ग १८९७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सोलापूर जिल्ह्यासह दख्खनचा मोठा भाग त्या वेळी १८९६–९७ च्या दुष्काळाने होरपळत होता.

पुढील दशकात मार्गाचा दोन्ही दिशांना विस्तार झाला. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे फाटा काढण्यात आला. त्यापूर्वी आगगाडीने येणाऱ्या यात्रेकरूंना बार्शी रोडला उतरून पुढील सुमारे ५० किमीचा प्रवास पायी किंवा बैलगाडीने करावा लागे. आता ते थेट चंद्रभागेच्या काठापर्यंत गाडीने पोहोचू लागले. आषाढी व कार्तिकी यात्रांच्या दिवसांत या लहान रेल्वेवर प्रचंड भार पडे. दुसरीकडे बार्शीहून येडशी व तडवळेमार्गे निजामाच्या राज्यातील लातूरपर्यंत मार्ग नेण्यात आला. १९११ मध्ये लातूरला गाडी पोहोचली आणि लातूरच्या बाजारपेठेच्या वाढीस मोठा हातभार लागला.

येडशी–तडवळे या लहान टप्प्याच्या बांधकामाचे आणखी एक महत्त्व आहे. सोलापूरचे तरुण व्यापारी वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वे-कंत्राटदारीचा आरंभ याच कामातून केला. पुढे जहाजबांधणी, विमाननिर्मिती, मोटार व साखर उद्योगांत नाव मिळवलेल्या या उद्योगपतीच्या कारकिर्दीची सुरुवात अशी एका अरुंदमापी मार्गाच्या भरावावर झाली.

पंढरपूर–मिरज हा शेवटचा मोठा टप्पा १९२७ मध्ये, म्हणजे कॅलथ्रॉप यांच्या मृत्यूच्याच वर्षी, पूर्ण झाला. त्यानंतर बार्शी लाइट रेल्वेची एकूण लांबी सुमारे ३२५ किमी झाली.

माथेरानची इंजिने

१९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारली. सुमारे २१ किमी लांबीचा हा मार्ग दोन फूट (६१० मिमी) रुंदीचा आहे. त्यावर अतिशय तीव्र वळणे आणि १:२० पर्यंतची चढण आहे. येथील प्रश्न बार्शीपेक्षा वेगळा होता. पकडीसाठी चाके जोडलेली हवीत, पण ताठ जोडलेली चाके तीव्र वळणावर अडकतात. त्यामुळे कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यात पुढच्या व मागच्या आसांसाठी क्लीन–लिंडनर पद्धत वापरण्यात आली. या पद्धतीत आतला आस चौकटीत स्थिर राहतो आणि त्याभोवतीचा पोकळ आस चाकांसह थोडा सरकू व वळू शकतो. त्यामुळे सहाही चाके जोडलेली राहूनही इंजिन वळणाप्रमाणे वळते.

०-६-० चक्ररचनेची ही चार इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधली. मळ्यांसाठी व बांधकामांसाठी लहान इंजिने पुरवणाऱ्या या कारखान्याचा अनुभव येथे प्रवासी वाहतुकीच्या कामी आला. डिझेल इंजिने आल्यानंतरही वाफेची इंजिने १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत माथेरानच्या घाटात धावत होती. त्यांपैकी काही इंजिने जतन करण्यात आली आहेत.

इतर देशांतील कार्य

बार्शीच्या यशामुळे कॅलथ्रॉप यांच्याकडे इतर देशांतूनही कामे आली. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस या ऊसाच्या बेटावरील रेल्वे १८९८ मध्ये साडेतीन फुटी मापावरून अडीच फुटी मापावर आणण्यात आली. त्या कामाशी त्यांचा सल्लागार म्हणून संबंध होता.

इंग्लंडमध्ये त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे होय. सुमारे १३ किमी लांबीचा हा मार्ग जून १९०४ मध्ये खुला झाला. तेथील किटसन बनावटीच्या दोन इंजिनांपैकी एकास ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ असे नाव देण्यात आले. इंजिनांपुढील मोठे दिवे व डब्यांची घडण यांत बार्शीची छाप स्पष्ट दिसे. या मार्गावर त्यांनी वाहक-वाघिणी वापरल्या. मुख्य रेल्वेची मालाने भरलेली वाघीण जशीच्या तशी या ठेंगण्या गाडीवर चढवून अरुंद रुळांवरून पुढे नेता येई. मापबदलाच्या ठिकाणी माल उतरवून पुन्हा भरण्याचा खर्च त्यामुळे वाचे. मात्र खोऱ्यातील दूध व प्रवासी वाहतूक मोटारगाड्यांकडे गेल्यावर १९३४ मध्ये हा मार्ग बंद पडला.

हवाई छत्रीचे संशोधन

जुलै १९१० मध्ये रोल्स-रॉइस कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स यांचा बोर्नमथ येथे विमान अपघातात मृत्यू झाला. रोल्स हे कॅलथ्रॉप यांचे स्नेही होते. या घटनेनंतर वैमानिकाचा जीव वाचवणारे साधन तयार करण्याच्या कामाला कॅलथ्रॉप यांनी वाहून घेतले. त्यांनी घडवलेली ‘गार्डियन एंजल’ छत्री विमानाला जोडलेल्या पेटीत घडी घालून ठेवलेली असे. वैमानिकाने उडी घेताच त्याच्या वजनाने ती पेटीतून ओढली जाई व आपोआप उघडे. रेशमी कापड व दोऱ्या एकमेकांत गुंतू नयेत, यावर त्यांनी विशेष भर दिला होता.

जानेवारी १९१७ मध्ये क्लाइव्ह कॉलेट या न्यू झीलंडच्या वैमानिकाने सुमारे ६०० फुटांवरून विमानातून उडी घेऊन ही छत्री यशस्वीपणे वापरून दाखवली. त्याच वर्षी शॅकलटन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतील सदस्य टॉमस ऑर्ड-लीज यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी घेतली. छत्री कमी उंचीवरही उघडते, हे त्यातून सिद्ध झाले. तरीही ब्रिटिश सैन्याने युद्धाच्या बहुतांश काळात आपल्या विमानांतील वैमानिकांना छत्र्या दिल्या नाहीत. छत्रीचे वजन व तिला लागणारी जागा ही कारणे त्यासाठी पुढे करण्यात आली. छत्री हाताशी असली तर वैमानिक लवकर विमान सोडतील, अशी भीतीही अधिकाऱ्यांत होती असे सांगितले जाते. शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी मात्र गार्डियन एंजलचा वापर झाला. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्र्या वापरू लागले होते. ब्रिटिश बाजूचा निर्णय बदलला तेव्हा युद्ध संपत आले होते. तोपर्यंत जळत्या विमानातून बाहेर पडण्याचा मार्ग नसल्याने अनेक तरुण वैमानिकांनी प्राण गमावले होते.

बार्शीचा प्रस्ताव आठ वर्षे रखडला तरी अखेर उभा राहिला. छत्रीच्या बाबतीत मात्र झालेला विलंब भरून येण्यासारखा नव्हता. युद्धानंतर पाठीवर बांधता येणाऱ्या व वैमानिकाने स्वतः दोरी ओढून उघडायच्या छत्र्या प्रचलित झाल्या आणि गार्डियन एंजल मागे पडली.

वैयक्तिक जीवन

कॅलथ्रॉप यांना घोड्यांची विशेष आवड होती. इसेक्स परगण्यातील लाउटन येथील निवासस्थानी ते अरबी घोड्यांची पैदास करत. मारझोड न करता, विश्वास संपादन करून घोड्याला शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. या विषयावरील त्यांचे ‘द हॉर्स, ॲज कॉम्रेड अँड फ्रेंड’ हे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. ३० मार्च १९२७ रोजी वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन व वारसा

कॅलथ्रॉप यांचे मोठेपण एखाद्या एकाच शोधात सांगता येत नाही. जोडलेली आठ चाके, दाबपोलादी चौकटी, लवचीक आस यांपैकी बहुतेक गोष्टी इतरत्र आधीच ज्ञात होत्या. रूळ, इंजिन व वाघीण यांच्याकडे एकच यंत्रणा म्हणून पाहणे आणि एका मर्यादेभोवती सर्वांची जुळणी करणे, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ व पुलगाव–आर्वी यांसारखे अडीच फुटी मार्ग उभे राहिले. कापूस मुख्य रेल्वेपर्यंत आणण्याचे तेच काम त्यांनी केले.

या पद्धतीच्या मर्यादाही काळाच्या ओघात स्पष्ट झाल्या. कुर्डुवाडी, मिरज व लातूर येथे माल एका मापाच्या गाडीतून दुसऱ्या मापाच्या गाडीत हलवावा लागे. त्यात वेळ जाई व मजुरी लागे. मोटारमालवाहतूक वाढल्यावर हा तोटा अधिक जाणवू लागला. १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली व ती मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुख्यतः या मार्गाचे रुंदमापीत रूपांतर करण्यात आले. बार्शी शहर, पंढरपूर व लातूर आज थेट मुख्य रेल्वेजाळ्याशी जोडलेले आहेत.

रूळ बदलले तरी या भागातील रेल्वेच्या नकाशावर कॅलथ्रॉप यांची रेघ कायम आहे. अरुंदमापी गाड्यांच्या देखभालीसाठी कुर्डुवाडीत उभी राहिलेली कर्मशाळा पुढेही रेल्वेच्या कामात राहिली आणि त्या गावाची ओळख रेल्वेशी जोडली गेली. बैलगाडीच्या वाटेवर हलके रूळ टाकून सुरू झालेला हा मार्ग शंभराहून अधिक वर्षे टिकला. स्वस्त पण विचारपूर्वक केलेली बांधणी किती टिकाऊ ठरू शकते, याचे ते महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे.